गाडीचं पासिंग

आमच्या अंगणात दिवस उजाडायचा तो सेल्फच्या आवाजाने. आमचे हे चहाचा कप कठड्यावर ठेवून खाली उतरायचे, गाडीचं दार उघडून आत बसायचे, चोक ओढायचे आणि सेल्फ मारायचे. पहिल्या वेळी गाडी नुसती खाकरायची. दुसऱ्या वेळी अंग झाडायची. मग एकदा सुरू झाली की मागच्या नळीतून निळसर लोट निघायचा आणि जांभळीच्या बुंध्याशी जाऊन घुटमळत राहायचा. त्याआधी दोरीवरचे कपडे काढून आत नेणं हे माझं काम. उन्हाळ्यात अंगणात आमसुलं वाळत घातलेली असली की त्यांच्यावर जुनं लुगडं पसरायचं. आधी आधी मी चिडायचे. नंतर माझा रागही निवृत्त झाला, मी शाळेतून झाले त्याच्याही आधी.

खाऱ्या हवेत गाडी चार दिवस उभी राहिली की गेली, हे त्यांचं म्हणणं. समुद्र आमच्यापासून डोंगराच्या पलीकडे, बोर्ली पंचतनच्याही पुढे. पण खारा वारा डोंगराला जुमानत नाही, हे खरंच. दाराच्या कड्या, शाळेची घंटा, माझं शिलाईचं मशीन, सगळ्यांना त्याने गंज चढवला. गाडीला चढू नये म्हणून ती रोज तापवायची. आमच्या घरात पूजाअर्चा नव्हतीच, तेव्हा नेम म्हणून जो काही होता तो हाच.

गाडी म्हणजे अँबॅसिडर. पांढरी, पेट्रोलवरची, पन्नाशी कधीच ओलांडलेली. अलिबागला कोर्टात वकिली करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून ह्यांनी ती घेतली तेव्हाच ती जुनी होती. हे घाटापलीकडे एका रासायनिक कारखान्यात कामाला होते, आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. पगार दोघांचा, हौस एकट्याची. 'घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं,' असं माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या. फरक एवढाच की हे घोडं त्यांच्याच मुलाने आणलं होतं.

आमची वाडी बौद्धांची, गावाच्या खालच्या अंगाला. वाडीत आलेली ही पहिली चारचाकी. पहिल्या दिवशी हे ती चालवत गावात शिरले तेव्हा पारावरून कुणीतरी हाक मारली, "कुनाची गाडी आनलंस रं?"

"माजी," हे म्हणाले.

"तसा न्हाय. मालक कोन?"

ह्यांनी काच पूर्ण खाली केली आणि म्हणाले, "मालकच चालवतोय."

हा संवाद मी शंभरदा तरी ऐकला असेन. दर वेळी काच खाली करण्याचा हातवारा असायचा. मला त्याचा कंटाळा यायचा, पण सांगण्याच्या भरात कधी ते काचेचा भाग विसरले तर आठवण मीच करून द्यायचे. जयंतीच्या मिरवणुकीत फोटो त्याच गाडीच्या टपावर असायचा. वाडीतल्या मुली तिच्यातून सासरी गेल्या, एसटी चुकलेली पोरं तिच्यातून परीक्षेला पोचली, आणि माणगावचा दवाखाना गाठेपर्यंत धीर न निघाल्याने मागच्या सीटवर एक बाळंतपणही उरकलं. ह्यांनी कुणाकडून पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. त्यामुळे 'विका एकदा ती गाडी' असं म्हणायला मी तोंड उघडलं की आजूबाजूच्या चार बायका माझ्याकडेच बघायच्या, जसं काही मी वाडीची विहीर विकायला काढली होती.

नियमांबद्दल माझी तक्रार नव्हती. आयुष्यभर मी पोरांना रांगेत उभं केलं, नियम लावण्यातच माझी हयात गेली. पण नियम लावणं वेगळं आणि पाळत बसणं वेगळं. पाळण्याचा थकवा येतो. पंधरा वर्षं झाली की गाडीला जगण्याची परवानगी पुन्हा पुन्हा काढावी लागते. दर पाच वर्षांनी पेणला आरटीओत न्यायची, तिथल्या साहेबांना दाखवायची, हरित कर भरायचा आणि पुढची पाच वर्षं मिळवायची. ह्याला सगळे पासिंग म्हणतात. शिवाय मधल्या काळात दर काही महिन्यांनी पीयूसी. पूर्वी पीयूसी कशी निघायची ते मी लिहीत नाही. ज्यांनी काढली त्यांना ठाऊक आहे. आता यंत्राला कॅमेरा जोडलाय, नंबरप्लेटचा फोटो निघतो, आणि नळी खरोखरच सायलेन्सरमध्ये घालावी लागते. चांगलंच झालं म्हणायचं. पण म्हातारपणी परीक्षा अवघड होत जाते, त्याला कोण काय करणार?

ह्या परीक्षेची शिकवणी घेणारे मिस्त्री बोर्लीचे, ह्यांच्याच वयाचे. त्यांचं पोट मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यावर. आमची गाडी ही त्यांची हौस. मला ते भाबी म्हणतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी येऊन ते प्लग साफ करायचे आणि कार्बोरेटरचा स्क्रू आवळून इंजिनाला जाणारं पेट्रोल कमी करायचे, म्हणजे यंत्राला फारशी खोट सापडत नसे. गाडी त्या दिवशी अर्धपोटी चालायची, घाटात धापा टाकायची. पीयूसीचा कागद हातात पडला की तिथेच बॉनेट उघडून स्क्रू पुन्हा सैल. शाळेत तपासनीस यायचे त्या दिवशी आम्ही पोरांच्या डोक्याला तेल लावून केस विंचरायचो, तसलाच हा प्रकार. साहेबांची पाठ वळली की पोरं होती तशी.

त्यात पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं, हवा स्वच्छ राहावी म्हणून. नव्या गाड्यांना ते मानवतं. हिच्या रबरी नळ्या त्याने मऊ पडल्या आणि गळू लागल्या; पावसाळ्यात तर टाकीत पाणी धरायचं. मिस्त्री त्या पेट्रोलला उसाचा रस म्हणतात.

"ह्या वयात तिला उसाचा रस पाजताव, भाबी, मंग पॉट बिघडनारच," ते म्हणायचे. "बोटींचा बरा हाय. दर्यात कोन पीयूसी इचारीत न्हाय."

नळ्या त्यांनी बदलल्या, पण इंजिनातल्या रिंगा झिजल्या त्या झिजल्याच. त्या नव्या घालायच्या तर इंजिन खोलावं लागलं असतं, आणि खोललेलं इंजिन पुन्हा धरेल ह्याची खात्री खुद्द मिस्त्रींनाही नव्हती. इंजिनातलं ऑइल पेट्रोलबरोबर जळायचं आणि तो निळा लोट निघायचा. त्यालाही मिस्त्रींकडे सभ्य शब्द होता. "धूर न्हाय मारीत ती. जरा तेल पित्येय."

खरं म्हणजे धूर हा शब्द आमच्याकडे गाडीला कुणी लावतच नाही. धूर चुलीचा. धूर राबाचा, म्हणजे भाताचं बी पेरण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात, त्याचा. गाडीचा तो पेट्रोलचा वास. आमच्या लहानपणी तर एसटी गेल्यावर पोरं मुद्दाम रस्त्यावर जाऊन तो वास घ्यायची. मीही घेतलाय.

ह्यांचा खोकला कारखान्यातून निवृत्त होताना त्यांच्याबरोबर घरी आला. निरोपसमारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, खोकला मात्र चालू राहिला. पुढे दम लागायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवर, मग अंघोळ करताना. माणगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, एका यंत्रात फुंकर मारायला लावली, आणि सांगितलं की फुप्फुसांचा जो भाग गेलाय तो परत यायचा नाही, उरलाय तो जपायचा.

"धुरापासून लांब राहायचं, काका. घरात चूल आहे?"

"ग्यास हाय."

"बिडी, सिगारेट?"

"कवाच न्हाय."

"राब भाजता?"

"औंदापास्नं बंद."

"आणखी कुठला धूर?"

"न्हाय," हे म्हणाले.

मी म्हटलं, "गाडीचा आहे."

भर सभेत चहाडी केल्यासारखं ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "गाडीचा धूर हा काय धूर हाय? तिची पीयूसी हाय."

डॉक्टर तरुण होते. त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "पीयूसी रस्त्यासाठी असते, काका, तुमच्या छातीसाठी नाही," ते म्हणाले. "अंगणात गाडी चालू करून शेजारी उभं राहणं आजपासून बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ वाजला. तोंडाला रुमाल बांधला होता, एवढाच काय तो फरक. आम्ही त्यावरून भांडलो, मग पुन्हा भांडलो, पण भांडायला समोरच्याच्या अंगात दम लागतो आणि त्यांच्याकडे तो नव्हता. मी जिंकायला आले की त्यांना खोकल्याची उबळ यायची, आणि पाठ चोळता चोळता मी हरायचे. चावी लपवून बघावी असंही मनात आलं. पण स्वतःच्या कमाईची वस्तू नवऱ्यापासून लपवायची, तीही ह्या वयात, हे माझ्याने झालं नाही. मला त्यांची कीव नको होती आणि त्यांना माझी.

त्याच वर्षी पासिंगची मुदत संपत आली, आणि मला मनातल्या मनात बरं वाटलं. गाडी ह्या खेपेला पास होणार नाही असं मला वाटत होतं. आणि कागद संपलेली गाडी हे अंगणातदेखील ठेवणार नाहीत, हे मी ओळखून होते. मालक कोण असं ज्याला भर पारावर विचारलं जातं, त्याला कागदाची किंमत कळते. बिनकागदाची गाडी त्यांच्या लेखी चोरीची. म्हणजे साहेब नाही म्हणतील, गाडी जाईल, हे सरकारला दोन महिने शिव्या देतील आणि गप्प होतील. मला काही बोलावं लागणार नाही. सुंठीवाचून खोकला जाईल, असा माझा हिशेब होता.

तेवढ्यात खारघरहून मुलीचा फोन आला. तिने कुठेतरी वाचलं होतं. "बाबा, पन्नास वर्षांच्या वरची गाडी असेल ना, तर विंटेज म्हणून रजिस्टर करता येते. नंबर सेपरेट मिळतो. मग स्क्रॅपचं टेन्शनच नाही."

हे इतके खूश झाले की त्या दिवशी जेवणही जास्त गेलं. लगेच मिस्त्रींना फोन लावला. "आपली गाडी इंटेज झाली," म्हणून सांगितलं. सरकारने आपणहून मान दिला असं त्यांना वाटत होतं; आणि मान ही गोष्ट त्यांना सहजासहजी कधी मिळालेली नव्हती, म्हणून मीही काही बोलले नाही. मग मुलीने पुढचं वाचलं. विंटेज गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यायची. बाकी नाही.

"दवाखान्यात?" ह्यांनी विचारलं.

"नाही वाटतं, बाबा."

"बाजारात?"

"नाही."

"जयंतीला?"

ती अडखळली. "ती रॅली धरतील की नाही, माहीत नाही मला."

ह्यांनी फोन माझ्याकडे दिला. "मंग ती गाडी न्हाय," ते म्हणाले. "ती शोभा झाली."

अलिबागच्या बाजूला बंगले बांधलेल्या मुंबईकरांकडे तसल्या गाड्या असतात, पॉलिश करून, छपराखाली. त्यांना ते परवडतं, कारण रोजची गाडी त्यांच्याकडे वेगळी असते. आमची जुनी आणि रोजची एकच. दवाखान्याला हे तिच्यातूनच जायचे. मुलीच्या गाडीत बसायचं तर खड्ड्यात उतरल्यासारखं खाली बसावं लागतं आणि गुडघे छातीला लागतात. दम लागलेल्या माणसाला तसं बसवत नाही. हिच्यात खुर्चीवर बसावं तसं बसता येतं. हे खरंच होतं, आणि हेच खरं कारण आहे असं ते मला सांगत असत. मी मान डोलवायचे.

ठरलं ते साधंच पासिंग. त्याच्याआधी ताजी पीयूसी हवी, म्हणून आम्ही माणगावला निघालो. आदल्या संध्याकाळी मिस्त्रींनी स्क्रू आवळून ठेवला होता. हे स्वतः चालवत होते, मिस्त्री शेजारी, मी मागे. घाटात इंजिन चांगलं तापू दिलं, कारण तापलेल्या इंजिनाचा आकडा बरा येतो असं मिस्त्रींचं म्हणणं.

हायवेजवळ पीयूसीची टपरी आहे. तिथल्या मुलीने नळी सायलेन्सरमध्ये घातली, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही होत, काका." मिस्त्रींनी बॉनेट उघडून स्क्रू आणखी थोडा आवळला. पुन्हा नळी. पुन्हा नाही. माझ्या मनात आलं, झालं, सुटलो. पण मिस्त्री पुन्हा बॉनेटमध्ये वाकले. हे गाडीच्या मागे, अगदी नळीपाशी उभे होते, कारण स्क्रीन तिथून दिसत होता. रुमाल गळ्यात सरकला होता.

"अहो, इकडे सावलीत या."

"आकडा बगू दे."

"आकडा ती सांगेल. या म्हणते ना!"

"बगू दे गं."

इंजिन कसंबसं चालू होतं, थरथरत, आत्ता बंद पडेल की मग अशा बेताने. मुलगी म्हणाली, "झालं काका, पास." तिच्या यंत्रातून कागद बाहेर आला. ह्यांनी तो घ्यायला हात पुढे केला आणि कागद हातात आल्यावर तसेच हळूहळू खाली बसले. बंपरला पाठ टेकून. तोंड उघडं होतं आणि आत काही जात नव्हतं.

साथीच्या वर्षांत घेतलेलं, बोटाला लावायचं ते छोटं यंत्र माझ्या पर्समध्ये असतं. ते मी त्यांच्या बोटाला लावलं. आकडा आला तो मी कुणाला सांगितला नाही. मिस्त्रींनी आणि टपरीवरच्या मुलीने त्यांना उचलून मागच्या सीटवर माझ्या मांडीशी टेकवलं, मिस्त्री स्टिअरिंगवर बसले आणि हॉर्नवर हात ठेवून गाडी रस्त्यावर काढली. पण स्क्रू आवळलेला. पोटात पेट्रोलच नाही. माणगावच्या चौकात, भर गर्दीत, गाडी दोन आचके देऊन बंद पडली. मिस्त्री सेल्फ मारत राहिले, नुसतं खाकरणं. मागून ट्रक बोंबलत होते. ज्या गाडीने आख्ख्या वाडीला दवाखान्यात पोचवलं, ती त्यांनाच पोचवेना, आणि ते आम्हीच तिला आदल्या संध्याकाळी उपाशी ठेवलं म्हणून. मला इतका राग आला की मी पुढच्या सीटवर मूठ मारली. शेवटी एका रिक्षावाल्याने ह्यांना आमच्याकडून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. गाडी चौकात सोडून आम्ही गेलो. ह्यांच्या मुठीत तो पीयूसीचा कागद होता; दवाखान्यात नर्सने तो सोडवून माझ्याकडे दिला.

ते वाचले. काही दिवस दवाखान्यात राहून घरी आले ते ऑक्सिजनचं मशीन घेऊन. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. घरी आल्यावर ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी कुठं हाय?" गाडी अंगणात होती. मिस्त्रींनी स्क्रू सैल करून त्याच दिवशी आणून लावली होती, वर धुऊनही ठेवली होती.

पासिंगची तारीख आली तेव्हा हे खाटेवर होते. "तुमी दोगं जावा," म्हणाले. त्यांच्याशिवाय ती गाडी दारातून बाहेर पडायची ही पहिलीच वेळ. मी पुढे मिस्त्रींच्या शेजारी बसले. हायवेचं काम वर्षानुवर्षं चाललंय तसं चाललेलंच होतं; धुळीत समोरचा ट्रक दिसत नव्हता, आणि त्या धुळीतून आम्ही गाडीचा धूर तपासून घ्यायला चाललो होतो. कोलाड गेल्यावर मी धीर केला.

"मिस्त्री, एक सांगू? तो स्क्रू जरा चुकीचा फिरवा ना. नाहीतर ब्रेकचं काहीतरी करा. साहेबांनी नाही म्हटलं पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उगाचच गिअर बदलला.

"भाबी, समजला मना," ते म्हणाले. "बिघडवाला काय, दोन मिन्टांचा काम. पन जिला इतकी वर्सां मरून दिली न्हाय, तिच्यावर माजा हात न्हाय वळायचा. तुमाला नको असंल तर तुमी सांगा त्याला. त्या साहेबाच्या खांद्यावरना बंदूक कशाला मारताव?"

नागोठणं गेलं, वडखळ गेलं.

पेणला साहेबांनी लाइट बघितले, हॉर्न वाजवून घेतला, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली आणि उमटलेले आकडे पडताळले. मग टपावर हात फिरवला. "छान ठेवलीय, मॅडम. अशी राहिलीय कुठे आता?"

"साहेब, धूर मारते हो ती," मी म्हटलं.

हा शब्द मी पहिल्यांदाच तिच्याबद्दल परक्या माणसासमोर वापरला. मिस्त्रींनी मान खाली घातली. साहेबांना वाटलं मी विनयाने बोलतेय.

"वयाच्या मानाने एवढं चालायचंच. पीयूसी आहे ना? मग झालं," असं म्हणून त्यांनी सही केली. वागायला चांगले होते ते, त्यांना कसला दोष द्यायचा?

घरी पोचलो तेव्हा हे व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक आतल्या मशीनला.

"किती दिली?"

"पाच वर्षं."

ते हसले. हल्ली ते आवाज न करता हसतात, आवाजाला श्वास लागतो म्हणून. "माज्यापरीस तिची तब्येत बरी म्हनायची."

"काहीतरी बोलू नका," मी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. गॅससमोर उभी राहून पाणी आटेपर्यंत बघत राहिले. दुसऱ्यांदा पाणी ठेवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. हे उठून पायरीपर्यंत आले. नळी ताणली गेली, तिथे थांबले. हातात चावी होती.

"तू सुरू कर," ते म्हणाले. "मी हितनं ऐकतो. पास झालीय न्हवं आता? मंग काय हरकत हाय?"

डॉक्टरांवर, साहेबांवर, मिस्त्रींवर, सगळ्यांवर ढकलून झालं होतं. आता अंगणात आम्ही दोघंच होतो. मी हातातला पिळा बादलीत टाकला.

"गाडी पास झाली," मी म्हटलं. "तुम्ही नाही झालात."

मला वाटलं ते भडकतील. मी तयारच होते. पण ते पायरीच्या कठड्याला धरून गाडीकडे बघत राहिले, आणि मग मला हाताने जवळ बोलावलं. मी गेले. त्यांनी चावी माझ्या ओल्या तळहातावर ठेवली.

"मंग इकून टाक," ते म्हणाले. "पन चालवनाऱ्याला इक. शोभंला न्हाय."

एवढं बोलायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. मग नळी गोळा करत ते आत गेले. हे शब्द ऐकायला मी वर्षानुवर्षं टपून होते. ऐकले, आणि तिथेच पायरीवर बसून मी रडले, कारण मला माझं न ऐकणारा तो माणूसच हवा होता.